डॉमिनेटिंग, डॉमिनियरिंग की कंट्रोलिंग? इंग्रजीत तक्रार लिहिणाऱ्यांसाठी

दुसऱ्यावर सत्ता गाजवणाऱ्या माणसाबद्दल इंग्रजीत लिहायची वेळ आली की आपल्याकडे दहातले नऊ जण सरळ "डॉमिनेटिंग" लिहून मोकळे होतात. नवरा डॉमिनेटिंग, सासू डॉमिनेटिंग, टीम लीडही डॉमिनेटिंग. बोलताना यात काही बिघडत नाही, समोरचा आपलाच असतो, त्याला बरोबर कळतं. पण एचआरला मेल, वकिलाला द्यायचं स्टेटमेंट किंवा कोणाच्या मराठी अर्जाचं इंग्रजी करायचं असेल तर शब्द निवडून घ्यावा लागतो, आणि मी हेच भाषांतराचं काम करतो त्यामुळे ही निवड माझ्यापुढे सारखी येते. अर्थ सगळ्यांना माहीत आहेत असं धरतो, कुठला शब्द कुठे चालतो आणि कुठे दगा देतो तेवढंच सांगतो.

डॉमिनेटिंगची बाजू आधी, कारण तो शब्द अगदी टाकाऊ नाहीये. आपल्या १८७२ च्या कराराच्या कायद्यात कलम १६ आहे, अनड्यू इन्फ्लुअन्सचं, म्हणजे दबदब्याचा गैरफायदा घेऊन करार करवून घेण्याचं, त्यात दुसऱ्याची इच्छा "डॉमिनेट" करण्याच्या स्थितीत असलेला माणूस असाच शब्द आलाय. म्हणजे थकलेल्या आजारी आईकडून एखाद्या मुलाने कागदावर सही घेतली, किंवा गुरूने भक्ताकडून जमीन लिहून घेतली, अशा प्रकरणात हा शब्द वकिलाला लगेच ओळखीचा वाटतो आणि तो मुद्दाम ठेवावा. कंपन्यांच्या भांडणातही तसंच, २००२ च्या स्पर्धा कायद्याचं कलम ४ डॉमिनंट पोझिशनच्या, म्हणजे बाजारातल्या वरचढ स्थानाच्या गैरवापराबद्दल आहे.

पण माणसाच्या स्वभावाची तक्रार करायला मी तो आता वापरत नाही, आणि त्याचं कारण एकच आहे. हा शब्द कौतुकाचाही आहे! १९९९ ते २००१ मध्ये ऑस्ट्रेलियाने सलग १६ टेस्ट जिंकल्या, मग कोलकात्यात आपण तो सिलसिला तोडला, त्या सगळ्या काळाबद्दल कोणीही लिहितं की ऑस्ट्रेलियाने क्रिकेट डॉमिनेट केलं, आणि त्यात कोणाला काही गैर वाटत नाही. तोच शब्द तक्रारीत आला की वाचणाऱ्याला हवा तो अर्थ घ्यायची मुभा मिळते. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, त्यांनी ऑफिसात आधीच एक मेल पाठवलेला होता, साहेब फार डॉमिनेटिंग आहेत असा, आणि त्यावर उत्तर काय आलं तर त्यांची पर्सनॅलिटी स्ट्राँग आहे, लीडरला तसं असावं लागतं, तुम्ही मोकळेपणाने बोलून बघा. त्या बाईंची रजा अडवली जात होती, कोणाबरोबर जेवायला बसायचं यावरही बोलणं ऐकावं लागत होतं, सुट्टीच्या दिवशी फोन उचलला नाही तर सोमवारी सगळ्यांसमोर उभं करून विचारलं जात होतं, आणि हे सगळं एका विशेषणात गडप होऊन वर साहेबांची तारीफ होऊन परत आलं. ते उत्तर वाचून मला खरंच फार वाईट वाटलं, कारण त्या बाईंचं इंग्रजी चुकलेलं नव्हतं, शब्दाने साथ दिली नाही.

मग डॉमिनियरिंग का नाही? शुद्ध इंग्रजीच्या दृष्टीने बघितलं तर हाच बरोबर शब्द, याला कौतुकाचा अर्थच नाही, वाचणाऱ्याला पळवाट राहत नाही. अरेरावी करणारा, दुसऱ्याच्या डोक्यावर मिरे वाटणारा माणूस म्हटला की तो हाच. ओव्हरबेअरिंगही साधारण याच घरातला, थोडा सौम्य. पण आपल्याकडे अडचण अशी की तो रुळलेला नाही, मी लिहून दिलेल्या मसुद्यात लोकांना ती डॉमिनेटिंगची स्पेलिंग मिस्टेक वाटते आणि ते परस्पर दुरुस्त करून पाठवतात. शिवाय हा शब्द माणसाचा आवाज, रुबाब, वागण्याची तऱ्हा सांगतो, तो करतो काय ते सांगत नाही. आणि दुसऱ्याला मुठीत ठेवणारी कित्येक माणसं अगदी गोड, हळू आवाजात बोलतात, त्यांना डॉमिनियरिंग म्हटलं तर ओळखणारा कोणीच विश्वास ठेवणार नाही.

इथे कंट्रोलिंग माझ्या मते पुढे जातो. शब्दाचं मूळसुद्धा बघण्यासारखं आहे, जुन्या फ्रेंचमधून आलाय, हिशोबाच्या गुंडाळीची दुसरी प्रत ठेवून पहिलीशी ताडून बघणं असा त्याचा मूळ अर्थ. आज कंट्रोलिंग माणूस घरात तेच करतो, पगार किती आला, कुठे गेला, फोनवर कोण होतं, माहेरी किती वेळ थांबली, सगळ्याची त्याच्याकडे दुसरी वही असते. त्याचा आवाज चढलेला असो नसो, शब्द लागू पडतो. आणि वाचणारा लगेच पुढचा प्रश्न विचारतो, काय कंट्रोल करतो? तक्रार करणाऱ्याला हाच प्रश्न हवा असतो. त्या बाईंचा मेल पुन्हा लिहिला तेव्हा उत्तरात पर्सनॅलिटी आली नाही, तारखा मागितल्या. एका प्रसंगावरून नियम काढू नये हे मान्य, पण नंतरच्या कामांतही मला साधारण असाच फरक जाणवत आलाय.

ज्यांची मुलगी किंवा बहीण लग्न होऊन इंग्लंडला आहे त्यांच्यासाठी तर हा शब्द फार महत्त्वाचा आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१५ च्या सीरियस क्राइम ॲक्टच्या कलम ७६ ने जवळच्या नात्यातलं "कंट्रोलिंग ऑर कोअर्सिव्ह बिहेव्हियर", म्हणजे मुठीत ठेवणारं किंवा धाकात ठेवणारं वागणं, हा गुन्हाच ठरवलाय, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मारहाण झालेली असण्याची गरज नाही, पण वागणं वारंवार किंवा सतत असायला हवं आणि त्याचा गंभीर परिणाम झालेला असायला हवा. तिकडच्या सॉलिसिटरला, म्हणजे वकिलाला, डॉमिनेटिंग हजबंड लिहून पाठवलं तर तो एक स्वभाव म्हणून वाचेल, कंट्रोलिंग लिहिलं तर त्याला कायदा आठवेल. आपल्याकडे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याची भाषा वेगळी आहे, तिथे शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक छळ असे प्रकार सांगितलेत, त्यामुळे इथल्या अर्जात कंट्रोलिंगवर न थांबता पैसे अडवले असतील तर सरळ इकॉनॉमिक ॲब्युझ लिहायचं.

कंट्रोलिंगचाही एक त्रास आहे. सरकारी ऑफिसात कंट्रोलिंग ऑफिसर हे पदच असतं, टीए म्हणजे प्रवासभत्त्याच्या बिलावर सही करणारे, तिथे साहेबांना कंट्रोलिंग म्हटलं तर वाचणारा गोंधळतो. अशा ठिकाणी मी डॉमिनियरिंग ठेवतो.

बाकीचे पटकन. बॉसी, म्हणजे सारखा हुकूम सोडणारा, मोठ्या माणसाच्या गंभीर तक्रारीत नको, लहान मुलांना आणि त्यातही मुलींना तो जास्त चिकटवला जातो, अमेरिकेत २०१४ मध्ये शेरिल सँडबर्ग यांच्या लीन इन संस्थेने गर्ल स्काउट्स या मुलींच्या संघटनेसोबत त्याविरुद्ध मोहीम काढली होती ती उगाच नाही. बुलिंग, म्हणजे दादागिरी करून छळणं, चांगला शब्द आहे पण प्रकार वारंवार घडलेला असावा. मॅनिप्युलेटिव्ह तेव्हाच, जेव्हा समोरचा लपूनछपून आपल्याला तालावर नाचवतो, उघड हुकूम सोडणाऱ्याला तो लागत नाही. गॅसलायटिंग १९३८ च्या एका ब्रिटिश नाटकावरून आलाय, त्यातला नवरा बायकोला पटवत राहतो की तुझंच डोकं ठिकाणावर नाही. हल्ली साध्या खोटं बोलण्यालाही लोक तेच म्हणतात, ते टाळलेलं बरं, नाहीतर जिच्यावर खरंच हे गुदरलंय तिच्या म्हणण्याला वजन राहत नाही.

तेव्हा अजून ठरत नसेल तर माझ्यापुरतं सांगतो, कथा-कादंबरीचं भाषांतर असेल आणि आवाज चढवणारा जुन्या वळणाचा बाप असेल तर डॉमिनियरिंग, मालमत्तेच्या कागदात डॉमिनेट, आणि घरातल्या किंवा ऑफिसातल्या माणसाची तक्रार असेल तर शक्यतो कंट्रोलिंग. तोही एकदाच लिहायचा, पहिल्या वाक्यात, आणि त्याच्याखाली तारखेसकट क्रियापदं येऊ द्यायची: फोन चेक करतो, एटीएम कार्ड स्वतःकडे ठेवतो, बहिणीला भेटू देत नाही.