'श्यामची आई' आणि 'बलुतं'

दोन्ही पुस्तकांनी मला घडवलं, पण एकसारखं नाही.

'श्यामची आई' मी आजीच्या मांडीवर ऐकलं. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या त्या 'रात्री', म्हणजे पुस्तकाची प्रकरणं, एकेक करून उतरत गेल्या. तळव्यांना माती लागू नये म्हणून आईला पदर पसरायला लावणारा श्याम आठवला, की आजही खोटं बोलताना जीभ अडखळते. हे पुस्तक माणसाला हळवं करतं, आणि ते हळवेपण मला मोलाचं वाटतं.

दया पवारांचं आत्मकथन 'बलुतं' (१९७८) कॉलेजात हाती आलं. मुंबईतल्या कावाखाना वस्तीतल्या चिंध्या वेचणाऱ्या बाया, गावकुसाबाहेरचा महारवाडा, आणि दगडू मारुती पवार, म्हणजे खुद्द लेखकच, स्वतःचीच लाज, स्वतःचीच भूक उघडी करून सांगतोय. रात्रभर झोप नाही आली. मग 'श्यामची आई' पुन्हा काढलं. म्हाताऱ्या महारणीची मोळी उचलून दे, असं आई श्यामला सांगते. पण घरी आल्यावर आंघोळही करायला सांगते. लहानपणी ती आंघोळ मला दिसलीच नव्हती.

मुलीला आधी कोणतं देऊ? श्याम दहाव्या वर्षी. 'बलुतं' सोळाव्या, आणि त्या आठवड्यात मी तिच्याजवळ बसेन.