आधी हिशेब की आधी पाया? बडोद्यात बसून क्वांटम फील्ड थिअरी शिकायची असेल तर

बी.एस्सी.चे निकाल लागले की दांडिया बाजारातल्या आमच्या घराचा जिना चढून कोणी ना कोणी येतंच. क्वांटम मेकॅनिक्स झालेलं असतं, डोळ्यांत चमक असते आणि प्रश्न ठरलेला असतो: "काका, फील्ड थिअरी स्वतःच शिकायचीय. सुरुवात कुठून करू?" म्हणजे क्वांटम फील्ड थिअरी: कण म्हणजे अवकाशभर पसरलेल्या फील्डची कंपनं, असं धरून चालणारं शास्त्र. नेट परीक्षेसाठी म्हणाल तर एवढ्या खोल जायची गरज नाही, तिथे क्लाइन-गॉर्डन आणि डिरॅक समीकरणांपर्यंत भागतं. खरंच भूक असेल तर मात्र पुढे वाचा. वाटा तीन आहेत, आणि तिघींना सारखेच मार्क द्यायचा माझा इरादा नाही.

पहिली ऑपरेटरची वाट, १९२७ मध्ये डिरॅकने पाडलेली. हार्मोनिक ऑसिलेटर येतो ना? मग फील्ड म्हणजे असे अगणित ऑसिलेटर, आणि शिडीच्या एका पायरीवरून वरच्या पायरीवर जाणं म्हणजे एक फोटॉन वाढणं. शिकलेलं लगेच कामाला येतं हा मोठा फायदा, आणि 'कण म्हणजे काय' याचं उत्तर इथे जितकं स्वच्छ मिळतं तितकं दुसरीकडे कुठे मिळत नाही. पण गेज फील्डपाशी (प्रकाशाच्या फील्डसारखी, ज्यांच्या वर्णनात जादा मोकळीक असते) आलात की हात दुखेपर्यंत लिहावं लागतं. पाठपोट कागद भरतात आणि शेवटी एक उणे चिन्ह कुठे हरवलं ते शोधत बसायचं.

दुसरी फाइनमनची, १९४८ ची: पाथ इंटिग्रल. कण एका ठिकाणाहून दुसरीकडे सगळ्या वाटांनी जातो आणि प्रत्येक वाटेचा वाटा बेरजेत धरायचा. ऐकायला गूढ वाटतं. म्हणून मी मुलांना आधी फील्ड, वेळ, अवकाश सगळं बाजूला ठेवायला सांगतो आणि लाइटबिलाच्या मागे एकच इंटिग्रल लिहून देतो. चलराशी एकच, क्ष, उणे अनंतापासून अनंतापर्यंत. ई च्या घातात उणे क्षवर्ग भागिले २. हे पाठ असतं. आता त्याच घातात आणखी एक पद: उणे लॅम्डा गुणिले क्षचा चौथा घात, भागिले २४. लॅम्डाच्या घातांत पसरवा, मूळ इंटिग्रलने भागा. पहिली दुरुस्ती येते उणे लॅम्डा भागिले ८.

हा ८ आला कुठून? क्षच्या चौथ्या घाताची सरासरी ३ आहे, आणि २४ भागिले ३ म्हणजे ८. मग ३ कुठून आला? कॅरमला चौघे बसले तर दोन जोड्या किती प्रकारे पडतात ते मोजा. तीनच. पुढच्या पदात आठ जण बसतात आणि जोड्या पडतात १०५ प्रकारे. फाइनमनच्या आकृत्या म्हणजे हाच जोड्यांचा जमाखर्च, चित्रात मांडलेला. पहिली आकृती इंग्रजी आठासारखी दिसते, आणि पुस्तकात तिच्याखाली सिमेट्री फॅक्टर (आकृतीला ज्याने भागायचं तो आकडा) म्हणून ८ छापलेला असतो तो हाच. हे ज्याने एकदा हाताने केलं त्याला पुढे आकृत्यांची भीती राहत नाही.

आता लॅम्डा १ धरा. चिन्हं सोडून पदं अशी येतात: ०.१२५, ०.०९१, ०.१२५, ०.२५५. म्हणजे घसरायच्या ऐवजी चढायला लागली. लॅम्डा ०.१ घेतलात तर साधारण पंधराव्या पदापर्यंत ती निमूट लहान होत जातात, मग तीही उलटतात. इंटिग्रल मात्र ठणठणीत आहे, त्याचं उत्तर ठरलेलं आहे. आपली मालिकाच फसवी. १९५२ मध्ये डायसनने हाच संशय क्वांटम इलेक्ट्रोडायनॅमिक्सच्या मालिकेवर घेतला. तरीही त्याच मालिकेची सुरुवातीची मोजकी पदं घेऊन इलेक्ट्रॉनच्या चुंबकीय आघूर्णातली दुरुस्ती ०.००११५९६५२१८ इतक्या अंकांपर्यंत प्रयोगाशी जुळते. १९४८ मध्ये श्विंगरने काढलेलं एकटं पहिलं पदच ०.००११६ देतं.

गणितवाला इथे हात वर करणारच: सगळ्या वाटांची बेरीज म्हणता, पण ती कुठल्या मेझरवर, म्हणजे प्रत्येक वाटेचं वजन कुठल्या मापाने मोजायचं? प्रश्न रास्त आहे. फाइनमनच्या इंटिग्रलला लागेल असा धड मेझर नसतो, हे कॅमरॉनने १९६० मध्ये दाखवलं. पण वेळ काल्पनिक केला, म्हणजे उणे एकच्या वर्गमुळाने गुणला, की चित्र पालटतं. एका कणासाठी वीनरचा १९२३ चा मेझर तयारच आहे, आणि मार्क काकने १९४९ मध्ये तो धागा फाइनमनच्या बेरजेशी जोडला.

तिसरी वाट पायापासूनची: वाइटमनची गृहीतकं (फील्ड थिअरीने पाळायचे काटेकोर गणिती नियम), हिल्बर्ट स्पेस (क्वांटम स्थितींचं अवकाश), डिस्ट्रिब्युशन्स (फंक्शनचंच विस्तारलेलं रूप). इथे फील्डला बिंदूवर किंमतच नसते, ते एखाद्या गुळगुळीत फंक्शनवर पसरून घ्यावं लागतं. या वाटेवरचे धक्के जबरदस्त आहेत. स्वातंत्र्याच्या मिती (डिग्रीज ऑफ फ्रीडम) मोजक्या असतील तर स्थान-संवेगाचं रूप मुळात एकच असतं, हे स्टोन-फॉन नॉयमन प्रमेय. मिती अनंत झाल्या की ही खात्री गेली. त्यातून १९५५ चा हागचा निष्कर्ष: पहिल्या वाटेवर ज्या इंटरॅक्शन पिक्चरवर (मोकळं फील्ड आधी, परस्परक्रिया मागाहून, अशी मांडणी) सगळी भिस्त असते, ते काटेकोरपणे बघितलं तर उभंच राहत नाही. ग्लिम आणि जॅफीने अवकाश-काळाच्या दोन मितींत, आणि पुढे तीन मितींतही, चौथ्या घाताचं मॉडेल, म्हणजे लाइटबिलावरच्या इंटिग्रलचं फील्डमधलं रूप, खरोखर बांधून दाखवलं. चार मितींत, म्हणजे आपल्या जगात, त्याच मॉडेलचं नेहमीचं बांधकाम परस्परक्रिया नसलेल्या फील्डवर येऊन थांबतं, हे आयझेनमन आणि दुमिनिल-कोपाँ यांनी २०२१ मध्ये सिद्ध केलं. यांग-मिल्सचं, म्हणजे अणुकेंद्र बांधून ठेवणाऱ्या बलामागच्या गेज थिअरीचं, अजून बाकी आहे. क्ले इन्स्टिट्यूटने २००० मध्ये त्यावर दहा लाख डॉलर लावले, ते तसेच पडून आहेत.

मी स्वतः इथूनच सुरुवात केली होती. पाया पक्का करूनच वर चढायचं, अशी खुमखुमी. आठ महिने डिस्ट्रिब्युशन्स आणि अनबाउंडेड ऑपरेटर केले, वह्या छान भरल्या, आणि एका ओळखीच्या मास्तरांनी साधा इलेक्ट्रॉन-म्युऑनचा स्कॅटरिंग क्रॉस-सेक्शन (दोघांची टक्कर होण्याची शक्यता) विचारला तेव्हा तोंड उघडलं नाही. जोते बांधून झाले, घर कसलं बांधायचं ते माहीत नाही, अशी गत.

म्हणून नोकरी सांभाळून रात्रीचा तासभर देणाऱ्याला माझं सांगणं असं: दुसरी वाट धरा, त्या एका इंटिग्रलपासून, आणि फोटॉन म्हणजे काय एवढ्यापुरती पहिली वाट अधूनमधून उघडा. दुसरीचा आणखी एक फायदा सहसा कोणी सांगत नाही. १९७३ मध्ये ऑस्टरवाल्डर आणि श्राडर यांनी दाखवलं की काल्पनिक वेळेतली थिअरी ठराविक अटी पाळत असेल, तर तिच्यातून वाइटमनच्या घरात परत जाता येतं. म्हणजे इथून तिसऱ्या वाटेला पूल आहे. तिसरीकडून हिशेबाकडे यायला मला तसा पूल सापडला नव्हता.

अपवाद एक. एम.एस. युनिव्हर्सिटीतून गणितात एम.एस्सी. केलं असेल, मेझर थिअरी झालेली असेल आणि 'बेरीज कशावर?' या प्रश्नाने खरोखर झोप उडत असेल, तर थेट तिसरीला लागा. मागच्या वर्षी अशीच एक मुलगी आली होती. लाइटबिल तिने बघितलंसुद्धा नाही. हल्ली ती हंसा मेहता लायब्ररीतून येताना वाटेत थांबते आणि तिचे प्रश्न मला रविवारी सकाळी, सेव उसळ गार होत असताना, पुन्हा पुन्हा वाचावे लागतात.