कोबॉट वर्कशॉपमध्ये आल्यानंतर: 'प्रोग्रामिंग कोणालाही जमतं' हे कितपत खरं?

भोसरीत आमचं टर्निंगचं जॉबवर्क चालतं. फोर्जिंगचे ब्लँक, म्हणजे घडवलेले कच्चे तुकडे (यांनाच आम्ही जॉब म्हणतो), सीएनसी लेथवर लावायचे, दोन्ही बाजू टर्न करायच्या, गेज लावून ट्रेमध्ये ठेवायचे. मागच्या दसऱ्याला दहा किलो उचलणारा एक कोबॉट, म्हणजे माणसाच्या शेजारी काम करणारा रोबो हात, घेतला आणि एका लेथसमोर उभा केला. पुरेसे महिने वापरून झालेत, म्हणून सविस्तर लिहितोय. कंपनीचं नाव देत नाही. स्क्रीनवरची चिन्हं वेगळी असतील, पण या वर्गातल्या बहुतेक मशीनना हाच अनुभव लागू पडावा.

विकणारा प्रत्येक जण सांगतो की प्रोग्रामिंग येत नसलं तरी चालतं. जुन्या इंडस्ट्रियल रोबोंमध्ये प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी: एबीबीची रॅपिड, कुकाची केआरएल, यास्कावाची इन्फॉर्म. मोटारींच्या मोठ्या प्लांटला ते परवडतं, कारण तिथे एकदा बसवलेला प्रोग्राम वर्षानुवर्षं चालतो. आमच्याकडे आठवड्यात जॉब बदलतो. डेन्मार्कमधल्या ओडेन्सला २००५ साली सुरू झालेल्या युनिव्हर्सल रोबोट्सने २००८ मध्ये पहिला कोबॉट विकला, तो अशाच लहान कारखान्यांना डोळ्यांसमोर ठेवून. आपल्याकडे बजाज ऑटोने चाकणला २०१० पासून हे हात लाइनवर घेतले, त्यामुळे आमच्या पट्ट्यात कोबॉट हा शब्द आता नवा नाही.

हाताने शिकवणं खरंच सोपं आहे, हे आधी सांगतो. पेंडंटमागचं (हातात धरायच्या स्क्रीनमागचं) बटण दाबलं की हात सैल होतो. तो धरून ट्रेपाशी न्यायचा, पॉइंट सेव्ह करायचा, मग चकसमोर (लेथमध्ये जॉब पकडणाऱ्या भागासमोर) न्यायचा, पुन्हा सेव्ह. टर्नरचा आयटीआय केलेल्या आमच्या मुलाने पहिल्याच दुपारी ब्लँक उचलून चकपर्यंत नेऊन दाखवला. ट्रेचे चार कोपरे शिकवले की मधल्या जागा मशीन स्वतः काढतं. स्क्रीन इंग्रजीत आहे, पण त्याने पॉइंटना 'चकसमोर', 'दाराबाहेर', 'ट्रेवर' अशी नावं रोमन लिपीत देऊन ठेवलीत. त्यामुळे रात्रपाळीच्या माणसालाही प्रोग्राम वाचता येतो.

दोन गोष्टी मात्र समजावूनच द्याव्या लागल्या. ग्रिपर (हाताच्या टोकाचा पंजा) आणि जॉब यांचं वजन बरोबर भरलं नाही, तर बटण दाबताच हात आपोआप वर किंवा खाली सरकतो. आणि चकमध्ये शिरताना, बाहेर येताना सरळ रेषेतलीच चाल हवी. जॉइंटची चाल, म्हणजे प्रत्येक सांधा आपापला फिरतो ती, दिली तर हात कमानीतून फिरतो आणि जॉब चकच्या जॉला (पकडणाऱ्या जबड्याला) घासतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पॉइंट शिकवले म्हणजे काम झालं असं नाही. मधेमधे जॉब फेसमध्ये, म्हणजे सपाट तोंडाच्या बाजूला, आऊट यायला लागले. इंटिग्रेटरचा, म्हणजे कोबॉट बसवून देणाऱ्या कंपनीचा, इंजिनिअर दोनदा येऊन पॉइंट थोडे सरकवून गेला, फरक शून्य. ज्यांना आमची सगळी शिफ्ट मामा म्हणते, ते जुने ऑपरेटर शेजारच्या लेथवर होते. ते म्हणाले, "अरे, आपण हाताने लावताना आधी चकवरून बोट फिरवतो, मग जॉब आत दाबून धरतो आणि मग पेडल मारतो. हा तसाच ठेवतोय."

चिप (धातूचा कीस) जॉच्या फेसवर चिकटलेली असते, ती रोबोला दिसत नाही. मामांनी सांगितलं तशी एअर ब्लोची नळी ग्रिपरवर बांधली आणि ब्लो चालू असताना मनगट थोडं फिरवायला लावलं. त्यानंतर फोर्सची आज्ञा: स्टॉपरला टेकेपर्यंत हलक्या जोराने आत ढकल, चक बंद, थोडं थांब, मग ग्रिपर उघड. क्लॅम्प होताना चक जॉबला किंचित आत ओढतो. तेव्हा हात ताठ राहिला तर तो टक्कर समजून थांबतो, म्हणून तेवढ्या वेळापुरता फोर्स चालूच ठेवायचा, हेही मामांच्याच निरीक्षणातून आलं. सगळं पेंडंटवर त्या मुलाने बसवलं. फेसची तक्रार तिथेच मिटली.

म्हणून माझं ठाम मत आहे: प्रोग्राम ऑपरेटरच्याच हातात द्या. इंजिनिअरला रोबो कळतो, पण जॉब चकमध्ये कसा बसतो हे रोज हाताने लावणाऱ्यालाच कळतं. आधी नव्या पार्टसाठी इंटिग्रेटरची वाट बघावी लागायची, वर प्रत्येक पार्टचं वेगळं बिल. तोपर्यंत कोबॉट उभा. आता जुना प्रोग्राम कॉपी करून ग्रिपरची बोटं आणि पॉइंट बदलतात, एका शिफ्टमध्ये नवा जॉब चालू होतो.

मशीनशी बोलणी जमवणं मात्र सामान्य माणसाचं काम नाही. दार उघडलं, चक उघडला, सायकल संपली, अलार्म आला, या प्रत्येकासाठी २४ व्होल्टचा सिग्नल लागतो. लेथच्या कंट्रोलमध्ये मोकळे एम-कोड (दार, चक अशा गोष्टी चालवणाऱ्या आज्ञा) असावे लागतात, लॅडर, म्हणजे कंट्रोलच्या आतला सिग्नलचा प्रोग्राम, बदलावी लागते. लेथवाल्यांचा सर्व्हिस इंजिनिअर त्यासाठी बोलवावाच लागला. कोटेशनमध्ये हा खर्च नव्हता, आधी विचारून घ्या.

सुरक्षेबद्दल कळकळीने सांगतो. 'कोबॉट आहे, कुंपण नको' हे अर्धवट वाक्य आहे. हात माणसाला लागून थांबेल, पण ग्रिपरमध्ये बर (कडेला राहिलेली धारदार कोर) असलेला जॉब धरला असेल तर जखम त्या कडेने होते. कोबॉटच्या सुरक्षेसाठीच्या २०१६ च्या आयएसओ/टीएस १५०६६ या आंतरराष्ट्रीय दस्तऐवजामध्येही धोका तपासायचा तो ग्रिपर आणि जॉबसकट पूर्ण कामाचा. आम्ही पुढे लेझर स्कॅनर लावला. माणूस जवळ आला की वेग कमी होतो, आणखी जवळ आला की हात थांबतो. सेफ्टी सेटिंगचा पासवर्ड फक्त दोघांकडे आहे. पॉइंट मात्र कोणीही ऑपरेटर बदलू शकतो, फक्त आधी बॅकअप पेन ड्राइव्हवर घ्यायचा.

वेगाबद्दल मोठ्या अपेक्षा ठेवू नका. एक जॉब काढून दुसरा लावायला चांगला ऑपरेटर कोबॉटपेक्षा कमी वेळ घेतो. फायदा होतो तो जेवणाच्या सुट्टीत आणि रात्री तीननंतर, जेव्हा लेथ थांबत नाही. मामा आता तीन मशीनचं गेजिंग आणि टूल ऑफसेट (टूलच्या मापाची दुरुस्ती) बघतात. त्यांच्या पाठीचा त्रास कमी झालाय, हे मला आकड्यांइतकंच महत्त्वाचं वाटतं.

घ्यायचा विचार असेल तर डेमोला स्वतःचे ब्लँक न्या, कूलंट आणि चिपसकट. पेंडंट तुमच्या ऑपरेटरच्या हातात द्या आणि विक्रेत्याच्या माणसाला बाजूला उभं राहायला सांगा.