आहारतक्ता की नोंदवही: बिंज ईटिंगच्या दोन उपचारांविषयी

बिंज ईटिंगवर, म्हणजे ताबा सुटून थोड्या वेळात खूप खाण्याच्या विकारावर, उपचार घ्यायचे ठरल्यावर निवड बहुधा दोन मार्गांत करावी लागते. एक आहारतक्ता, उष्मांकांची मोजणी आणि चालणे यांवर आधारलेला वजन घटवण्याचा वर्तनोपचार, आणि दुसरा मार्गदर्शकाच्या मदतीने घरीच करायची सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलण्यावर भर देणारी मानसोपचार पद्धत. मी दोन्ही घेऊन पाहिले आहेत.

दोन्हींत पहिले चार आठवडे महत्त्वाचे असतात. तेवढ्या अवधीत ताबा सुटून खाण्याचे प्रसंग साधारण दोन तृतीयांशाने घटले, तर पुढेही गुण येण्याची शक्यता वाढते, असे अभ्यासांत वारंवार दिसले आहे. सीबीटीने वजन मात्र फारसे हलत नाही, हे आधीच मान्य करून टाकावे.

माझा कौल ठरला तो उष्मांकांच्या कटकटीमुळे. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या एकत्र कुटुंबात सगळ्यांचे वरण एकाच गंजात शिजते आणि आईच्या हातची एक भाकर पातळ, तर दुसरी जाड उतरते. तक्त्यात मात्र भाकरीपुढे एकच आकडा होता. ‘आता भाकर काट्यावर तोलून वाढू का रे, बाबू?’ असे आईने विचारले, तेव्हा घरचे सगळे हसले. मला हसू येत नव्हते, कारण दुपारी आकडा ओलांडला की आजचा दिवस वाया गेला असे वाटे, संध्याकाळी मी मुद्दाम उपाशी राही आणि सारे निजल्यावर शेवेचा डबा घेऊन बसे.

सीबीटी नेमके हेच चक्र आधी तोडू पाहते. तीन जेवणे, मधे दोन-तीनदा थोडे खाणे, दोन खाण्यांत चार तासांहून अधिक अंतर नाही, आणि खाल्ल्याबरोबर नोंद. तीही वेळ, जागा, पदार्थ आणि मनःस्थिती एवढीच. कापूस वेचणीच्या हिशोबाच्या वहीतली मागची पाने मला त्यासाठी पुरली, आणि कोणी काही विचारलेही नाही. संकष्टीचा उपवास बंद केला म्हणून घरात थोडी कुरकुर झाली, पण रात्रीचे प्रसंग पहिल्याच महिन्यात बरेच ओसरले.

ज्याचा स्वयंपाक स्वतःच्या हाती आहे आणि ज्याला डॉक्टरांनी वजन उतरवण्याची निकड सांगितली आहे, त्याला पहिला मार्ग कदाचित मानवेल. इतरांनी शक्यतो सीबीटीपासून सुरुवात करावी, असे मला वाटते. ब्रिटनच्या नाइस या आरोग्यविषयक मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वेही हीच पायरी आधी सुचवतात, आणि तिच्यासोबत १६ आठवड्यांत २० मिनिटांच्या चार ते नऊ भेटी सांगतात. इतक्या छोट्या भेटी फोनवरही निभतात. चार आठवड्यांत गुण न आल्यास पुढची पायरी गटातील सीबीटीची आहे. त्यासाठी आमच्या भागातून दर आठवड्याला नागपूर गाठावे लागले, तर वेचणीच्या हंगामात ते कसे जमवायचे, हे मार्गदर्शकाशी आरंभीच बोलून ठेवावे.