जवळा की बारीक करंदी?

पावसाळ्याच्या बेगमीला खानापूरच्या बाजारात सुकी मासळी घ्यायला गेलं की जवळा आणि बारीक करंदी, दोन्ही कोळंबीसारखेच बारके जीव, शेजारी शेजारी दिसतात. जवळा म्हणजे करंदीची पिल्लं, असं आपल्याकडे सर्रास समजतात. ते खरं नाही. जवळा (असेटिस इंडिकस) ही वेगळीच जात आहे. पूर्ण वाढला तरी तो साधारण दीड इंचाचाच राहतो.

ओळखायचं असेल तर चार दाणे कोमट पाण्यात भिजवा, पांढऱ्या बशीत पसरा आणि भिंग घ्या. आधी पाय मोजा. करंदीला चालायच्या पायांच्या पाच जोड्या, जवळ्याला तीनच. मागच्या दोन नसतातच. सुकवताना पाय तुटतात, म्हणून मग डोकं बघा. करंदीच्या डोळ्यांमधून करवतीसारखं दातेरी शिंग पुढे आलेलं असतं, बोटाला टोचतं. जवळ्याचं शिंग इतकं आखूड की चटकन दिसतही नाही. मला हीच खूण भरवशाची वाटते.

स्वयंपाकातला फरकही त्यातूनच येतो. जवळा निवडून, अख्खाच भाजून चटणीला घ्यावा. करंदीचं डोकं मात्र मोडून टाकावं, नाहीतर भाकरीबरोबर घशाला टोचते.