१०९८ हेल्पलाइन आणि गावची बाल संरक्षण समिती : बीडच्या ऊसतोड पट्ट्यातला अनुभव

१०९८ हा अडचणीतल्या लेकरांसाठीचा मदतीचा फोन. सेवा चांगली आहे, जरूर वापरा. पण नुसत्या नंबरावर विसंबून बसलात तर लेकरू हातचं जाईल. मी बालाघाटाच्या डोंगरातल्या एका गावात बचत गट चालवते आणि गटाच्या वतीनं ग्राम बाल संरक्षण समितीवर आहे.

१०९८ची सुरुवात १९९६ साली मुंबईत झाली. २०२३पासून ती महिला व बालविकास विभागाच्या यंत्रणेतून चालते. फोन फुकट, रात्रीही लागतो. आम्ही फोन केला तो नववीतल्या एका पोरीचं लग्न थांबवण्यासाठी. पलीकडच्या ताईंनी पोरीचं वय काय, लग्न कुठं, हळद कधी, हे आधी विचारलं. माझं नाव गुप्त ठेवू म्हणाल्या आणि ठेवलंही. इथवर पैकीच्या पैकी मार्क.

खरं काम त्यानंतर सुरू झालं. पोरीच्या चुलत्यानं आधार कार्ड पुढं केलं, त्यावर वय १९. अंगणवाडीच्या ताई तडक शाळेत गेल्या आणि हेडसरांकडून जनरल रजिस्टरचा उतारा घेऊन आल्या. त्यात वय १५. बाल न्याय कायद्यात वयासाठी शाळेचा दाखला आधी धरतात, हे आम्हाला प्रशिक्षणात सांगितलेलं होतं, म्हणून आम्ही हटलो नाही. गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक. त्यांनी दोन्हीकडच्या लोकांना लेखी समज दिली. दोन वर्षं सक्तमजुरी आणि एक लाख दंड होऊ शकतो म्हटल्यावर नवऱ्याकडची मंडळी गाडीत बसली.

पोरीची आई मात्र माझ्यापुढं रडली. "आक्का, आम्ही सहा महिने कोयत्यावर, ऊस तोडायला जाणार. तरण्या पोरीला कुणाच्या भरवशावर ठिवू?"

तिचं काय चुकलं? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण राज्यात २२ टक्के, बीडमध्ये जवळपास ४४ आणि परभणीत ४८ आलं, त्यामागं बऱ्याच घरांत हीच धास्ती आहे. शिवाय ऊसतोडीची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, नवरा-बायकोच्या जोडीला मिळते, म्हणून पोराच्या घरालाही सून लवकर हवी असते. हेल्पलाइन लग्न थांबवेल, पण पोरीच्या उशाला रात्री कोण झोपणार, ते गावानंच बघायचं असतं. आमच्याकडचं हंगामी वसतिगृह आठवीपर्यंतच्या लेकरांचं, नववीची पोर त्यात बसत नाही. तिला आजीकडं ठेवलं, गटातल्या बायकांनी पाळीपाळीनं तिथं मुक्काम केला, आणि पुढं तालुक्याच्या वसतिगृहात जागा मिळाली. आता दसरा झाला, मजूर नेणाऱ्या मुकादमांच्या गाड्या लागायला लागल्या, की समिती घरोघर जाऊन यादी करते : कोण जाणार, लेकरं कुणापाशी राहणार, त्या घरात दारू पिणारं कोण आहे का. हा शेवटचा प्रश्न विचारायला बायकाच लागतात.

तक्रारी आहेत. तालुक्याच्या एका ऑफिसात आम्हाला "घरगुती मामला आहे, गावात मिटवा" असं ऐकावं लागलं. हे बोलणं मला अजून सलतं. काही गावांत तर समिती रजिस्टरातल्या सह्यांपुरतीच आहे. समितीला प्रवासखर्चही नाही, आम्ही गटाच्या बायका वर्गणी काढून जातो. म्हणून माझ्याकडून पाचपैकी चार, तो कमी केलेला एक तालुक्याच्या खात्यावर.

फोन करताना गाव, तालुका, लग्नाचं ठिकाण आणि तारीख, पोरीची शाळा, एवढं जवळ ठेवा. लग्न बऱ्याचदा दुसऱ्याच गावात किंवा एखाद्या देवस्थानात लावतात, तेव्हा नक्की जागा आधी काढा. आणि लेकरावर अत्याचार झाल्याचं कळलं तर गावात बैठक लावू नका, कुणाला मध्यस्थ घालू नका. लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्यात (२०१२) माहीत असून न कळवणं हाच गुन्हा आहे. थेट पोलिसांना किंवा १०९८ला सांगा, आणि लेकराचं नाव व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर चुकूनही टाकू नका.