आरोग्य तपासणी पॅकेज: रक्ततपासणी चोख, बीएमआयचा निष्कर्ष मात्र चुकीचा

पुण्यात आमच्या भागातील एका खासगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी गेल्या महिन्यात १,८०० रुपयांचे ‘फुल बॉडी चेकअप’ करून घेतले. रक्त घेणाऱ्या ताईंचा हात इतका हलका होता की सुई टोचल्याचे जाणवलेही नाही, आणि संध्याकाळी सहाच्या आत अहवाल व्हॉट्सॲपवर आला. माझी तक्रार आहे ती त्याच्या पहिल्याच पानावरील एका ओळीविषयी: ‘बीएमआय २४.१, सामान्य’. बीएमआय म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती आहे, हे सांगणारा आकडा.

वजन त्यांनी बूट काढायला लावून नीट घेतले. ते ६८ किलो भरले. उंची मात्र नुसती विचारली, आणि कॉलेजपासून सांगत आलो आहे ती १६८ सेंटिमीटर मी सांगून टाकली. घरी भिंतीला टाचा टेकवून, डोक्यावर वही आडवी धरून मुलीकडून पेन्सिलची खूण करून घेतली, तर उंची १६४ भरली. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागायचे असल्यामुळे उंचीतली लहानशी चूकही महागात पडते. माझा खरा आकडा २५.३ निघाला.

दुसरी चूक मला अधिक गंभीर वाटते. लॅबने १८.५ ते २४.९ ही जागतिक आरोग्य संघटनेची सर्वसाधारण पट्टी लावली होती. भारतीयांसाठी तज्ज्ञांनी २००९ मध्ये एकमताने सुचवलेल्या निकषांनुसार २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात, कारण तेवढ्याच बीएमआयला आपल्या शरीरात, विशेषतः पोटात, चरबी जास्त असते. याचे सर्वांत बोलके उदाहरण पुण्याचेच आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापले, दोघांचाही बीएमआय २२.३, पण शरीरातील चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिन यांची ९.१ टक्के होती.

म्हणूनच कंबर मोजायला हवी होती, आणि तीच मोजली नाही. पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही आपल्याकडची मर्यादा आहे. मी श्वास सोडून, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर शिंप्याची टेप लावली, तेव्हा ९६ आली. त्याच अहवालाच्या चौथ्या पानावर एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील रक्तातील सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ६.१ टक्के, म्हणजे मधुमेहपूर्व अवस्थेतला आकडा छापलेला असताना पहिले पान मला निर्धास्त करत होते, याचे फार वाईट वाटले.

बीएमआय हे निदान नव्हे, ती पहिली चाळणी आहे, आणि फुकटात होणारी इतकी सोपी चाळणी दुसरी नाही. चाळणीची भोकेच मोठी ठेवली, तर दोष तिचा कसा?

तक्रार केल्यावर काउंटरवरील मॅडमनी उंची मोजून सुधारित अहवाल तत्परतेने दिला; सॉफ्टवेअरमधील पट्टी मात्र वरूनच ठरते, असे सांगितले. रक्ततपासणीसाठी मी पुन्हा तिथेच जाईन, पण उंची मोजल्याशिवाय लिहू देणार नाही आणि कमरेचे माप घरून लिहूनच नेईन.